उभे राहण्याची विद्या

मूल वर्षा-सव्वा वर्षाचे झाले म्हणजे उभे राहते, आणि श्वास तर ते जन्मल्या क्षणापासून घेते. ह्या दोन गोष्टी शिकविण्यासाठी कोणी शाळा काढीत नाही, कोणी फी आकारीत नाही, आणि त्यांत कोणी नापास झाल्याचेही ऐकिवात नाही. म्हणून दक्षिण चीनमधील मुष्टियुद्धाच्या जुन्या शाळांतून नव्या शिष्यास कित्येक महिने केवळ उभे राहावयास व श्वास घ्यावयास शिकवितात असे सांगितले, की आमच्या विद्यार्थ्यांस हसू येते. ज्याला लढावयाचे आहे त्याला उभे करून ठेवण्यात काय हशील, असे त्यांस वाटते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांस पुस्तकांतून थोडे, आणि स्वतःच्या पायांतून व छातीतून अधिक मिळाले. तेच येथे यथामती मांडीत आहो.

प्रथम शब्दाविषयी. 'कुंग फू' म्हटले की हवेत झेपावणारे चित्रपटांतील वीर मुलांच्या डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः ह्या चिनी शब्दाचा मूळ अर्थ, काळ व कष्ट खर्चून कमाविलेले नैपुण्य, असा आहे. वळणदार अक्षर काढणाऱ्या लेखकाच्या किंवा उत्तम पाकसिद्धी करणाऱ्या आचाऱ्याच्या अंगीही कुंग फू असू शकते. चीन देश विस्तीर्ण, म्हणून तेथे ह्या विद्येच्या परंपराही पुष्कळ. 'दक्षिणेची मूठ आणि उत्तरेचा पाय' अशी एक म्हण तिकडे प्रचलित आहे. उत्तरेकडे लांब झेपा व उंच लाथा ह्यांचे प्राबल्य, तर दक्षिणेकडे, विशेषतः ग्वांगडोंग व फुजियान ह्या प्रांतांत, पाय रोवून हातांनी जवळून लढण्यावर भर, असा तिचा आशय. सर्वच म्हणींप्रमाणे तीही ढोबळ आहे; पण आपल्या विषयापुरती पुरेशी आहे.

आता ज्याला हातांनी लढावयाचे त्याने पायांवर एवढी मेहनत का घ्यावी? ह्याचे कारण नववीच्या पुस्तकात आहे. आपण जमिनीला जेवढे रेटतो तेवढेच जमीन आपल्याला उलट रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम. मुठीतील जोर हा बव्हंशी तळपायाखालून आलेला असतो. तो घोटा, गुडघा, कंबर, पाठ व खांदा ह्या वाटेने हातात पोहोचतो. आणि वाटेतील एखादा सांधा ढिला किंवा वाकडा असला, तर फुटक्या पन्हळीतून पाणी गळावे तसा तेथेच गळून जातो. उभे राहण्याचा अभ्यास म्हणजे ही पन्हळ नीट जोडण्याचा अभ्यास होय.

ग्वांगडोंगच्या कँटनी बोलीत पवित्र्यास 'मा' म्हणतात. मा म्हणजे घोडा. मराठीत आपण ज्यास घोड्यावरील मांड म्हणतो, ती त्या शिष्याने घोड्यावाचून ठोकावयाची असते. हुंग घराण्याच्या पद्धतीतील मुख्य पवित्र्याचे नाव 'सेई पिंग मा', म्हणजे 'चार ठिकाणी समतल असा घोडा'. पावले खांद्यांच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट अंतरावर व समोर वळलेली, गुडघे वाकून मांड्या जमिनीस जवळजवळ समांतर, पाठ सरळ आणि खांदे सैल, असे त्याचे स्वरूप असते. जुन्या काळी उदबत्ती पेटवून ती जळून जाईपर्यंत शिष्यास ह्या पवित्र्यात उभे करीत, असे सांगतात. 'दारात आलास, आता आधी तीन वर्षे उभा राहा' ह्या अर्थाची एक म्हण आहे. आणि जो नुसते हातवारे शिकेल व मूळ कसब कमावणार नाही त्याच्या पदरी म्हातारपणी शून्य पडेल, असे बजावणारी दुसरी आहे. ह्या घराण्यातील विख्यात आचार्य वाँग फेई-हुंग (मृत्यू इ. स. १९२५) हे हाडवैद्यही होते. त्यांचे शिष्य लाम साई-विंग (मृत्यू इ. स. १९४३) ह्यांनी ही विद्या हाँगकाँगात रुजविली आणि तिचे पाठ पुस्तकरूपानेही प्रसिद्ध केले.

आमचा ह्या विद्येशी संबंध आला तो शौर्याच्या हौसेने नव्हे, श्वासाच्या गरजेने. इ. स. २०२२ च्या पावसाळ्यात आम्हांस न्युमोनिया झाला. ताप उतरला, क्ष-किरणांचे चित्र स्वच्छ आले, डॉक्टरांनी दुखणे गेल्याचे सांगितले. परंतु दम काही परत आला नाही. शिक्षकाचे भांडवल म्हणजे त्याचे पाय आणि त्याचा आवाज. फळ्यापुढे उभे राहून धडा वाचू लागलो, की तिसऱ्या-चौथ्या वाक्यास धाप लागे. दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही खुर्चीवर बसून शिकवू लागलो आणि उतारे मुलांकडून वाचवून घेऊ लागलो. मुले समजूतदार, वाचावयास हात वर करण्याची त्यांच्यात चढाओढ लागे. परंतु घरी आल्यावर आमच्या पत्नीने "आज किती तास उभं राहता आलं?" असे विचारले, म्हणजे उत्तर देणे कठीण होई. वीस वर्षे ज्या कामावर घर चालले, ते पुढील जूनपासून आपल्याच्याने होईल की नाही, ही धास्ती मनात घर करून बसली होती.

इ. स. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मावसभावाने हाँगकाँगहून निरोप धाडला, "दादा, हवापालटाला इकडे ये. इथे निदान तुला धडे तरी द्यायचे नाहीत." डॉक्टरांची अनुमती घेऊन आम्ही सहा आठवड्यांसाठी गेलो. भावाचे बिऱ्हाड कौलून भागात. जवळच्या सार्वजनिक बागेत पहाटे वृद्ध स्त्रीपुरुषांचे निरनिराळे गट व्यायामास जमत. त्यांतील एका लहान गटास सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हुंग घराण्याची विद्या शिकवीत. सर्व त्यांस 'सीफू' म्हणत. ह्या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा अर्थ गुरू व दुसऱ्याचा अर्थ पिता. त्यांस इंग्रजी बेताचेच येई. बँकेत काम करणारा त्यांचा एक तरुण शिष्य दुभाष्याचे काम करी.

भावाने आमच्या दुखण्याची हकीगत सांगितली. सीफूंनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टरांनी ह्यांना चालायची परवानगी दिली आहे ना?"

"होय," आम्ही म्हणालो.

"मग उभे राहायलाही हरकत नाही."

त्यांनी आम्हांस मांड्या समांतर होईपर्यंत खाली बसविले नाही. पावले खांद्यांपेक्षा थोडी फाकवून गुडघे केवळ चार बोटे वाकवावयास सांगितले, आणि म्हणाले, "आता तुमच्या भाषेत मोठ्याने आकडे मोजा." परक्या देशातील त्या बागेत आम्ही मराठीत एक, दोन, तीन म्हणू लागलो. अकरापर्यंत ठीक चालले. बारास आवाज बारीक झाला, चौदास तो तुटला. सीफूंनी आमच्या पायांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते ऐकत होते. आवाज तुटताच त्यांनी हाताने खूण करून आम्हांस दोन बोटे वर उठविले आणि पुन्हा मोजावयास सांगितले. नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला: जेथे आवाज तुटतो, तेथे त्या दिवसापुरता घोडा जास्त खोल झाला असे समजावे.

ह्या एका नियमात आम्हांस सबंध विद्येची गुरुकिल्ली सापडली असे वाटते. पवित्रा हा पायांच्या बळासाठी आहे खरा. परंतु त्याचा परीक्षक पाय नव्हे, श्वास आहे. थरथरणारे पाय हट्टाने रोखून धरता येतात, चेहऱ्यावर निर्धारही आणता येतो. पण चालू आवाजात मोजता मोजता श्वासाला फसविता येत नाही. सीफू रोज आमच्या शरीरातील एकेक निरुपयोगी ओढ शोधून काढीत. श्वास घेताना आमचे खांदे वर चढत, जबडा आवळला जाई, पायांची बोटे जमीन ओरबाडीत, आणि पोट मात्र लाकडासारखे ताठ राही. ते खांद्यावर हलकेच टिचकी मारीत. खांदा खाली उतरला की पुढले चार-पाच आकडे आपोआप सुटे निघत. शक्ती वाढण्यापूर्वी उधळपट्टी थांबली, असे त्याचे वर्णन करता येईल.

खांदे वर चढवून घेतलेला श्वास अपुरा का पडतो, हे विद्यार्थ्यांनी हिशेबाने समजून घ्यावे. छाती व पोट ह्यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो आकुंचन पावून खाली उतरला म्हणजे फुप्फुसांस जागा होते आणि हवा आत येते. पोटातील अवयव खाली दाबले गेल्याने पोट किंचित पुढे येते. पोट ताठ धरले तर पटलास नीट उतरता येत नाही, मग छातीचा वरचा भाग उचलून काम भागवावे लागते आणि श्वास उथळ व जलद होतो. प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या वेळी एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा व श्वासनलिका ह्या मार्गातच राहते. तिचा रक्तास उपयोग होत नाही. आता मिनिटास १२ श्वास घेतले तर एकंदर हवा ६००० मिलिलिटर, पण उपयोगी पडली ती ४२००. तेवढीच ६००० मिलिलिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांनी घेतली तर उपयोगी पडते केवळ २४००. आणि १००० मिलिलिटरच्या ६ संथ श्वासांनी घेतली तर ५१००. हवा तीच, पण तिची आवक-जावक कशी होते त्यावर पदरात काय पडते हे ठरते. धापा टाकणारा मनुष्य कष्ट अधिक करतो आणि मिळवितो कमी.

पवित्र्यात हे विशेष कठीण का होते, तेही पाहण्याजोगे आहे. मांडीचे स्नायू न हलता सतत आवळलेले राहिले म्हणजे त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा मंदावतो व आग होऊ लागते. आग होऊ लागली की मनुष्य नकळत श्वास कोंडतो. जड पेटी उचलताना आपण सर्वच तसे करतो. श्वास कोंडून जोर केला की छातीतील व रक्तवाहिन्यांतील दाब एकदम वाढतो. निरोगी तरुणास तो क्षणभर सोसतो, हृदयविकार असलेल्यास सोसेलच असे नाही. मराठीत धीर धरण्यास आपण 'दम धरणे' म्हणतो. बागेतील त्या सहा आठवड्यांत ह्या शब्दप्रयोगाकडे आमचे पुनःपुन्हा लक्ष जाई. कारण तेथे धीर धरण्याची कला शिकावयाची ती दम न कोंडता.

बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात विंग चुन ह्या दक्षिणी पद्धतीचा एक गट जमे. त्यांचा पवित्रा पाहून आम्ही गोंधळलो. तो उंच व अरुंद; गुडघे व पायांची बोटे आतल्या बाजूस वळलेली. त्याच्या नावाचा आशय 'गुडघ्यांत बकरे धरून ठेवणारा घोडा' असा आहे. ह्या पद्धतीचा पहिला पाठ 'सिऊ निम ताऊ', म्हणजे 'लहानशी कल्पना', हा सबंध एकाच जागी उभे राहून करावयाचा असतो. त्याचा पहिला भाग फार सावकाश करतात, आणि श्वास नैसर्गिक, आवाज न करता चालू ठेवतात. ही पद्धत हाँगकाँगात मुख्यतः आचार्य यिप मान (इ. स. १८९३–१९७२) ह्यांच्या शिकवणीतून पसरली, चित्रपटांमुळे जगास ठाऊक झालेले ब्रूस ली (इ. स. १९४०–१९७३) हे त्यांच्याच शिष्यांपैकी.

तिसरा प्रकार फुजियान प्रांताचा. तेथील श्वेत क्रौंच इत्यादी पद्धतींत 'तीन लढाया' ह्या अर्थाच्या नावाचा एक मूलपाठ आहे. तीत पावले थोडकी, पवित्रा आखूड, आणि प्रत्येक हालचालीस श्वासाची जोड. ओकिनावा बेटावरील हिगाओन्ना कानऱ्यो व उएची कानबुन (इ. स. १८७७–१९४८) ह्यांनी फुजियानची राजधानी फूचौ येथे राहून विद्या संपादन केली; त्यांच्या परंपरांत हाच पाठ 'सानचिन' ह्या नावाने आजही पायाभूत मानतात. आणि हुंग घराण्यातच 'लोहतंतू मुष्टी' नावाचा एक उच्च पाठ आहे. तीत स्नायू आवळून, मोठ्याने निरनिराळे ध्वनी उच्चारीत श्वास सोडावयाचा असतो. तो एकोणिसाव्या शतकातील लेउंग क्वान ह्यांच्या नावे सांगितला जातो. त्यांचे टोपणनाव 'लोखंडी पूल' अशा अर्थाचे होते.

एक पवित्रा रुंद, दुसरा अरुंद. एकात गर्जना, दुसऱ्यात शांतता. ह्यांपैकी खरे कोणते, असे आम्ही दुभाष्यामार्फत विचारले. सीफू हसून म्हणाले, "ते आकडे मनात मोजतात, आम्ही मोठ्याने मोजतो." विनोद सोडला तरी त्यात तथ्य आहे. ह्या शाळांचे मतभेद आकृतीविषयी आहेत. नव्या शिष्याचा श्वास व पवित्रा प्रथम एकमेकांशी जुळवावा आणि मग बाकीचे शिकवावे, ह्याविषयी त्यांचे एकमत आहे. दक्षिणेतील पवित्रे असे घट्ट का झाले ह्याचे कारण, तेथील लोक नद्यांवर नावांतून वावरत, असे पुष्कळदा सांगतात. पण रुंद पवित्राही नावेमुळे आणि अरुंदही नावेमुळे असे म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. तसेच फुजियानमधील जळून गेलेल्या शाओलिन मठातून पाच वडीलधारे निसटले व त्यांपासून ही घराणी निघाली, ही कथा रम्य असली तरी इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. 'ची' नामक प्राणशक्ती बेंबीखाली साठते, असेही तेथे शिकवितात. बेंबीखाली हवा जात नाही, हे शरीरशास्त्र स्पष्ट सांगते. परंतु तेथे लक्ष ठेवून श्वास घेणाऱ्याचे पोट सैल पडते व पटल मोकळे उतरते, एवढा त्या शिकवणीचा उपयोग आम्हांस प्रत्यक्ष झाला.

फळ काय मिळाले, तेही सांगितले पाहिजे. सहाव्या आठवड्यात त्याच चार बोटांच्या पवित्र्यात आम्ही एका दमात नव्हे, पण आवाज न तुटता, सावकाश श्वास घेत साठापर्यंत मोजू शकलो. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चार तासांपैकी दोन उभे राहून घेतले, दोन बसून; दिवाळीच्या सुमारास चारही उभे राहून घेऊ लागलो. ह्याचे श्रेय एकट्या चिनी घोड्यास देणे अप्रामाणिकपणाचे होईल. औषधांनी आपले काम आधीच केले होते, काळानेही केले, आणि देवाची कृपा होतीच. दुखण्याने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांस हा रामबाण उपाय आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु जे थोडे बळ शिल्लक होते ते कोठे वाया जात आहे, हे आम्हांस त्या बागेत कळले. आणि वाक्याच्या आरंभी खांदे न उचलता श्वास घेऊन तो वाक्याच्या शेवटापर्यंत पुरविण्याची जी सवय लागली, ती आजतागायत उपयोगी पडत आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपली मुले कोणतीही विद्या शिकू लागली, मग ते गायन असो, पोहणे असो वा अंकगणित असो, की पहिल्या महिन्यातच त्यांनी काहीतरी करून दाखवावे अशी आपली अपेक्षा असते. शिक्षक त्यांस नुसता एक स्वर धरावयास लावतो, पाण्याच्या काठाशी पाय मारावयास लावतो किंवा पाढे म्हणवून घेतो, तेव्हा फी फुकट जात आहे असे वाटते. अशा वेळी मुलगा काय करून दाखवितो ह्यापेक्षा, जे करतो ते किती मोकळेपणाने करतो, हे पाहावे. तोंड वेडेवाकडे करून, ओठ चावून म्हटलेला सतराचा पाढा आणि चालता चालता सहज म्हटलेला सतराचा पाढा ह्यांत फरक आहे. तो ऐकू येतो. मात्र त्यासाठी थोडे थांबून ऐकावे लागते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग. ह्यासाठी मांड्या समांतर करून बसण्याचे काही कारण नाही; ज्यांस हृदयाचा वा श्वासाचा विकार आहे त्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून काहीच करू नये. पावले खांद्यांइतकी दूर ठेवा, गुडघे ताठ न करता किंचित सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या, आणि मराठीच्या पुस्तकातील एक परिच्छेद मोठ्याने वाचा. आवाज कोठे तुटतो तेथे पेन्सिलीने बारीक खूण करा. आठ दिवस रोज तोच परिच्छेद वाचा आणि खुणा कोठे सरकतात ते पाहा. सुटीनंतर वही घेऊन आमच्याकडे या. तुमच्या खुणा आम्ही आमच्या खुणांशी ताडून पाहू.